अध्ययन केंद्र सुरू आहे, ट्यूटर हजर आहेत, पण विद्यार्थी येत नाहीत : बिघाड कोठे आहे हे कसे शोधावे

महाविद्यालयातील अध्ययन केंद्र (वर्गाबाहेर अभ्यासात मदत मिळण्याची जागा) आणि त्यातील सहाध्यायी ट्यूटरांचा, म्हणजे इतर विद्यार्थ्यांना शिकायला मदत करणाऱ्या विद्यार्थ्यांचा, उपक्रम चालवताना एकच तक्रार मी वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या रूपांत दुरुस्त केली आहे. खोली मिळालेली असते, वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते, ट्यूटर वेळेवर येऊन बसतात, आणि तरीही ज्या विद्यार्थ्यांसाठी हे सारे उभे केले ते फिरकत नाहीत. अशा वेळी बहुतेक समन्वयक प्रथम जाहिरात वाढवतात. मीही सुरुवातीची काही वर्षे तेच केले. आता मी आधी नोंदवही उघडतो, कारण केंद्र रिकामे राहण्याची कारणे पाच-सहा असू शकतात आणि त्यांपैकी फक्त एकावर जाहिरात हा उपाय आहे. उरलेल्या कारणांत जाहिरात वाढवली, तर अधिक विद्यार्थी एकदा येतात, निराश होतात आणि पुढे कायमचे दूर राहतात.

लक्षणे

हा बिघाड सहसा पुढीलपैकी एका रूपात दिसतो. सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत कुतूहलाने गर्दी होते आणि नंतर खोली ओस पडते. किंवा एरवी शांतता असते आणि परीक्षेच्या आदल्या तीन-चार दिवसांत इतकी झुंबड उडते की कोणालाच नीट मदत मिळत नाही. किंवा भेटींचा एकूण आकडा चांगला असतो, पण चेहरे तेच ते असतात आणि त्यांतील बरेचसे आधीपासून चांगले गुण मिळवणारे असतात. चौथे रूप सर्वांत फसवे आहे : नवे विद्यार्थी सतत येत राहतात, त्यामुळे सगळे सुरळीत वाटते, परंतु एकदा आलेला विद्यार्थी सहसा पुन्हा येत नाही.

ही चारही रूपे बाहेरून ‘प्रतिसाद कमी आहे’ या एकाच वाक्यात मांडली जातात, आणि तेथेच पहिली चूक होते. सुरुवातीपासूनच कोणी येत नसेल तर दोष माहिती, जागा, वेळ किंवा आमंत्रण यांत असतो. येऊन परत जात असतील तर दोष खोलीच्या आत असतो. हा फरक नोंदवहीतून कळतो, आणि तो केल्याशिवाय त्यापुढील एकही तपासणी करू नये. खालील तपासण्या स्वस्त आणि सोप्या आधी, खर्चिक आणि अवघड नंतर, अशा क्रमाने मांडल्या आहेत.

नोंदवहीतील दुसरी भेट

पहिल्या तपासणीला एक दुपार लागते आणि खर्च काहीच नाही. मागील सत्राची नोंदवही घ्यावी आणि भेटी मोजण्याऐवजी माणसे मोजावीत. समजा वहीत ३०० भेटी आहेत. त्या २०० विद्यार्थ्यांच्या असतील तर ते एक केंद्र आहे आणि ४० विद्यार्थ्यांच्या असतील तर ते पूर्णपणे वेगळे केंद्र आहे. पहिल्या प्रकारात लोक येतात पण टिकत नाहीत, दुसऱ्यात मोजकेच लोक येतात आणि त्यांचे चांगले जमते. अहवालात मात्र दोन्हीकडे ३०० हाच आकडा लिहिला जातो.

त्यानंतर प्रत्येक विद्यार्थ्याची पहिली भेट शोधून तो पुढील तीन आठवड्यांत पुन्हा आला का, एवढेच नोंदवावे. हा दुसऱ्या भेटीचा आकडा ट्यूटरनिहाय, विषयनिहाय आणि वारनिहाय वेगळा काढला की बहुतेक वेळा कारण कागदावरच दिसू लागते. एका विषयाचे विद्यार्थी परत येतात आणि दुसऱ्याचे येत नाहीत, किंवा एका वारी आलेले कोणीच परत येत नाहीत, असे काहीतरी ठळकपणे समोर येते. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. ज्याचे काम एकाच भेटीत झाले तोही परत येत नाही, म्हणून हा आकडा शंभर टक्क्यांजवळ असावा अशी अपेक्षा ठेवू नये आणि त्यावरून कोणत्याही ट्यूटरला जाब विचारू नये. कोठे पाहायचे हे या आकड्यावरून कळते; तेथे काय घडले हे प्रत्यक्ष जाऊनच पाहावे लागते.

नोंदवहीत विषय, वेळ आणि ट्यूटरचे नाव हे तीन रकानेच नसतील तर प्रथम ते सुरू करावेत आणि तीन आठवडे थांबावे. अंदाजावर दुरुस्ती करण्यापेक्षा तीन आठवडे वाया गेलेले परवडतात.

दार आणि पहिली दोन मिनिटे

एखाद्या अनोळखी विद्यार्थ्याप्रमाणे स्वतः मुख्य दारापासून केंद्रापर्यंत चालत जावे. पाटी कोठून दिसते, दार बंद असते की उघडे, आत शिरल्यावर नजर कोणावर पडते, कोणाशी बोलायचे हे न विचारता कळते का, या गोष्टी पाहाव्यात. ट्यूटर एकमेकांशी गप्पा मारत बसले असतील तर आत आलेल्याला आपण त्यांच्यात व्यत्यय आणत आहोत असे वाटते. ते मोबाइलमध्ये मान घालून बसले असतील तरी तसेच वाटते. मदत मागायला आलेला विद्यार्थी आधीच अवघडलेला असतो, आणि परत फिरायला त्याला फार मोठे कारण लागत नाही.

एका केंद्रात मी महिनाभर फलक, सूचना आणि वर्गावर्गांतील निवेदने यांवर श्रम घेतले आणि उपस्थिती जराही हलली नाही. शेवटी मी दाराशी उभा राहून पाहिले, तेव्हा लक्षात आले की प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या हाती एक अर्ज दिला जात होता आणि त्यातील तिसरा प्रश्न होता, ‘आपल्याला मदतीची गरज का भासते?’ काही जण तो प्रश्न वाचत, पेन खाली ठेवत आणि ‘नंतर येतो’ म्हणून निघून जात. तो प्रश्न काढून टाकला आणि नाव, विषय व ‘आज कोणता भाग पाहायचा आहे’ एवढेच ठेवले. त्या तीन ओळींनी जे साधले ते महिनाभराच्या फलकांनी साधले नव्हते. तेव्हापासून दाराची तपासणी मी कधीही वगळत नाही.

वेळ

केंद्राचे वेळापत्रक सहसा ट्यूटरांच्या सोयीने ठरते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण तेही विद्यार्थीच असतात. तरीही ज्या तीन-चार विषयांत सर्वाधिक विद्यार्थी अडतात त्या विषयांच्या तासांचे, प्रात्यक्षिकांचे आणि गृहपाठ जमा करण्याच्या दिवसांचे कोष्टक करून त्यावर केंद्राच्या वेळा ठेवून पाहाव्यात. ज्या वेळी त्या वर्गाचे प्रात्यक्षिक असते नेमक्या त्याच वेळी त्या विषयाचा ट्यूटर केंद्रात बसलेला असतो, हा दोष मला इतक्यांदा सापडला आहे की आता मी तो मुद्दाम शोधतो. अडचण सर्वांत जास्त जाणवते ती तास संपल्यावर लगेच आणि गृहपाठ देण्याच्या आदल्या दिवशी. त्या दोन जागा मोकळ्या सोडून उरलेला आठवडा भरून काढण्यात अर्थ नाही.

परीक्षेपूर्वीच्या झुंबडीचे गणित समजून घेण्यासारखे आहे. एकच ट्यूटर असेल, विद्यार्थी कधीही येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमी-अधिक असेल, तर रांगेच्या सर्वांत साध्या गणिती प्रतिमानानुसार सरासरी प्रतीक्षा ट्यूटर किती टक्के वेळ व्यस्त आहे यावर ठरते, आणि ती सरळ रेषेत वाढत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला सरासरी २० मिनिटे लागतात असे धरले, तर ट्यूटर ५० टक्के वेळ व्यस्त असताना प्रतीक्षा सुमारे २० मिनिटे असते, ८० टक्क्यांना ती ८० मिनिटांवर जाते आणि ९० टक्क्यांना तीन तासांवर. म्हणून ‘ट्यूटर अधूनमधून रिकामे बसतात’ ही तक्रार घेऊन कोणी तास कमी करायला सांगितले तर हे आकडे त्यांच्यासमोर ठेवावेत. विद्यार्थ्यांना आधी वेळ न ठरवता केव्हाही येण्याची मुभा ठेवायची असेल, तर ट्यूटरचा काही वेळ रिकामा जाणे हा त्या व्यवस्थेचाच भाग आहे. त्याच गणितातून आणखी एक उपाय निघतो : दोन ट्यूटर दोन जवळचे विषय वेगवेगळे सांभाळत असतील, तर दोघांनाही दोन्ही विषय हाताळता येतील अशी तयारी करून रांग एकच ठेवावी, तेवढ्याच तासांत प्रतीक्षा कमी होते.

आमंत्रणाची भाषा

‘कच्च्या विद्यार्थ्यांसाठी’, ‘ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी’, ‘मागे पडलेल्यांसाठी’ हे शब्द फलकावर असोत किंवा प्राध्यापकांच्या तोंडी, केंद्रात पाऊल टाकणे म्हणजे आपला कच्चेपणा जाहीर करणे असा अर्थ त्यांतून पोहोचतो. ज्याला सर्वांत जास्त गरज आहे तोच मदत मागायला सर्वांत जास्त कचरतो, हे मदत मागण्याच्या वर्तनावरील संशोधनात वारंवार आढळले आहे, आणि कोणत्याही जुन्या ट्यूटरला ते अनुभवाने ठाऊक असते.

या बाबतीत गणिताचे अमेरिकी अध्यापक युरी ट्राइसमन यांचे काम मला नेहमी उपयोगी पडले. अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात १९७० च्या दशकात कलनशास्त्रात (कॅल्क्युलसमध्ये) अडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा अभ्यास करताना त्यांना दिसले की हे विद्यार्थी मेहनती होते, परंतु एकटे बसून अभ्यास करत. त्याच विषयात चांगले यश मिळवणारे चिनी वंशाचे अमेरिकी विद्यार्थी मात्र एकट्याच्या अभ्यासानंतर एकत्र बसून उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत. त्यावरून त्यांनी ज्या कार्यशाळा सुरू केल्या त्या मागे पडलेल्यांसाठीचे उपचारात्मक वर्ग म्हणून मांडल्या नाहीत. विशेष गुणवत्तेच्या उपक्रमासारखे आमंत्रण दिले आणि नेहमीपेक्षा अवघड गणिते समोर ठेवली. आमंत्रणातील हा बदल करायला एक पैसाही लागत नाही, म्हणून तो या तपासण्यांच्या क्रमात आधी आहे. फलकावर ‘अडचण असल्यास या’ असे लिहिण्याऐवजी ‘प्रकरण चारची गणिते एकत्र सोडवू, मंगळवारी चार वाजता’ असे लिहून पाहावे. पहिल्या वाक्यात विद्यार्थ्याला स्वतःविषयी काहीतरी कबूल करावे लागते. दुसऱ्यात त्याला फक्त मंगळवार लक्षात ठेवावा लागतो.

वर्गातून येणारा रस्ता

प्राध्यापकांनी ‘केंद्र आहे, गरज वाटल्यास जा’ असे सांगितले की कोणी येत नाही, कारण गरज वाटणे हा निर्णय विद्यार्थ्यावरच राहतो आणि तो निर्णय परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत ढकलला जातो. त्याऐवजी ट्यूटरने स्वतः वर्गात जाऊन पाच मिनिटांत त्या आठवड्यातील एखादा प्रश्न अर्धवट सोडवून दाखवावा आणि उरलेला भाग केंद्रात पाहू असे सांगावे. नाव आणि चेहरा ओळखीचा झाला की दार उघडणे सोपे जाते. पहिल्या चाचणीच्या उत्तरपत्रिका परत मिळतात तो दिवस यासाठी सर्वांत चांगला असतो. प्राध्यापक सहकार्य करत नसतील, तर त्यांना केंद्रात नेमके काय चालते हे कोणी सांगितले आहे का हे आधी तपासावे. आपला गृहपाठ तेथे कोणीतरी करून देते, अशी भीती पुष्कळांच्या मनात असते, आणि काही ठिकाणी ती खरीही असते.

सत्राच्या आत

आतापर्यंतच्या तपासण्यांना आठवडाभर पुरतो. येथून पुढे काम अवघड होते, कारण येथे माणसांना बदलावे लागते. दुसऱ्या भेटीचा आकडा कमी असेल, तर माझा पहिला संशय नेहमी याच ठिकाणी जातो आणि तो क्वचितच चुकतो.

ट्यूटरच्या आणि विद्यार्थ्याच्या परवानगीने, त्यांच्या पाठीमागे थोडे अंतर ठेवून एक संपूर्ण सत्र शांतपणे पाहावे. दोनच गोष्टी लिहाव्यात : बोलत कोण आहे आणि पेन कोणाच्या हातात आहे. बिघडलेल्या सत्रात ट्यूटर बोलतो, ट्यूटर लिहितो, विद्यार्थी मान डोलावतो आणि शेवटी ‘समजले का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणून उठतो. दोघेही समाधानाने निरोप घेतात. घरी गेल्यावर विद्यार्थ्याला तेच गणित पुन्हा करता येत नाही, आणि दोष ट्यूटरचा आहे असे त्याला वाटत नाही. इतके स्पष्ट सांगूनही आपल्याला येत नाही म्हणजे आपल्यातच काही कमी आहे, असा निष्कर्ष तो काढतो. जो विद्यार्थी परत आला नाही तो बहुधा हाच निष्कर्ष घेऊन गेलेला असतो, आणि म्हणूनच या तपासणीविषयी मला इतकी कळकळ वाटते.

‘समजले का?’ हा प्रश्न निरुपयोगी का ठरतो याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ आर्थर ग्रेसर, नॅटली पर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केला. विद्यार्थ्याने स्वतःच्या आकलनाविषयी दिलेले उत्तर विश्वासार्ह नसते. उलट ज्यांना विषय अधिक कळतो तेच ‘नाही, हे कळले नाही’ असे सांगण्याची शक्यता जास्त असते, कारण काय कळले नाही हे ओळखण्यासाठीही काही कळलेले असावे लागते. म्हणून या प्रश्नाच्या जागी ‘आता ही पायरी मला समजावून सांग’ किंवा ‘येथे चिन्ह उलटे असते तर काय झाले असते?’ असा प्रश्न ट्यूटरच्या तोंडी बसवावा लागतो.

ट्यूटर हमखास विचारतात, मग आम्ही समजावून सांगायचेच नाही का? त्यावर शिकण्याच्या प्रक्रियेच्या अभ्यासक मिशेलीन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मी त्यांना सांगतो. रक्ताभिसरण हा विषय शिकवणाऱ्या ट्यूटरांना त्यात स्पष्टीकरण देण्यास आणि बरोबर-चूक सांगण्यास मनाई करण्यात आली. त्यांनी फक्त विद्यार्थ्याला पुढे बोलते करणारे प्रश्न विचारायचे होते. तरीही ते विद्यार्थी नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्यांइतकेच शिकले. यावरून स्पष्टीकरणावर बंदी घालावी असे मी म्हणणार नाही. ज्या विद्यार्थ्याला विषयाचा मूळ शब्दच ठाऊक नाही त्याला प्रश्नांमागून प्रश्न विचारत राहणे हा छळ आहे, आणि अशा वेळी दोन मिनिटे सरळ सांगून मोकळे व्हावे. पण सांगणे हा सत्राचा छोटा भाग असावा आणि विद्यार्थ्याचे करून पाहणे हा मोठा.

व्यवहारात मी तीन नियम लावतो आणि ट्यूटरांच्या सरावासाठी दर आठवड्याला एक तास राखून ठेवतो. पेन विद्यार्थ्याच्या हातातच राहील. ट्यूटरला काही दाखवायचे असेल तर तो वेगळ्या कागदावर वेगळे उदाहरण सोडवेल. प्रश्न विचारल्यावर ट्यूटर मनात दहापर्यंत मोजेल आणि तोवर गप्प राहील. सुरुवातीला ही शांतता ट्यूटरला असह्य वाटते, पण बहुतेक विद्यार्थी तेवढ्या वेळात काहीतरी बोलतात. आणि सत्र संपण्यापूर्वी विद्यार्थी तशाच प्रकारचा एक प्रश्न मदतीशिवाय सोडवेल, मग त्यासाठी मूळ गृहपाठातील एक प्रश्न बाजूला राहिला तरी चालेल. पहिल्या नियमामुळे गृहपाठ करून देण्याचा आरोपही बहुतांशी आपोआप मिटतो, कारण कागदावरील अक्षर विद्यार्थ्याचे असते आणि त्यातील चुकाही त्याच्याच असतात.

प्रशिक्षण किती असावे याला एक मान्य मोजमाप आहे. अमेरिकेतील ‘कॉलेज रीडिंग अँड लर्निंग असोसिएशन’ ही संस्था ट्यूटर-प्रशिक्षण कार्यक्रमांना प्रमाणित करते, आणि तिच्या पहिल्या स्तरासाठी किमान १० तासांचे प्रशिक्षण आणि २५ तासांचे प्रत्यक्ष ट्यूटरकाम अपेक्षित असते. प्रमाणपत्र घ्यायचे नसले तरी हा १० तासांचा आकडा अंदाजपत्रक मांडताना उपयोगी पडतो. फक्त ते दहा तास सत्रारंभी एका दमात संपवू नयेत. ट्यूटरांना खरे प्रश्न पडतात ते दोन-तीन आठवडे काम केल्यावर, आणि तेव्हा शिकवलेले टिकते.

ट्यूटरांची निवड

वर्गात पहिला आलेला विद्यार्थी उत्तम ट्यूटर असेलच असे नाही. ज्याला एखादी पायरी कधीच अवघड गेली नाही त्याला ती इतरांना का अवघड जाते हे दिसत नाही. विषयात चांगले गुण हवेतच, परंतु निवडीच्या वेळी दहा मिनिटांचे नमुना सत्र घ्यावे, त्यात जाणूनबुजून चुकीचे उत्तर द्यावे आणि उमेदवार काय करतो ते पाहावे. जो लगेच दुरुस्त करतो त्याच्यापेक्षा ‘हे तू कसे काढलेस?’ असे विचारणारा निवडावा. मानधन अनियमित मिळत असेल तर चांगले ट्यूटर सत्राच्या मध्यावर सोडून जातात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे विद्यार्थीही जातात; म्हणून गळती दिसली की मानधनाच्या तारखाही तपासाव्यात.

केंद्राऐवजी अभ्यासक्रमाला जोडणे

वरील सारे करूनही एखाद्या विशिष्ट विषयाचे विद्यार्थी येत नसतील, आणि त्या विषयात अनुत्तीर्ण होणारे मात्र खूप असतील, तर विद्यार्थी केंद्रात येण्याची वाट पाहणे सोडून ट्यूटरलाच अभ्यासक्रमात न्यावे. मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत डिआना मार्टिन यांनी १९७३ साली ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ नावाची जी पद्धत विकसित केली तिचा गाभा हाच आहे. त्यात कच्चा विद्यार्थी शोधला जात नाही, अवघड विषय शोधला जातो. ज्या विषयात साधारण ३० टक्के किंवा त्याहून अधिक विद्यार्थी तळाच्या श्रेणीत राहतात, अनुत्तीर्ण होतात किंवा मध्येच विषय सोडतात तो विषय निवडायचा. पूर्वी तो विषय चांगल्या रीतीने पूर्ण केलेला एक विद्यार्थी पुन्हा त्या वर्गात सर्व तासांना बसतो, टिपणे काढतो आणि दर आठवड्याला सर्वांसाठी खुली गटसत्रे घेतो. वर्गातील हुशार विद्यार्थीही त्या सत्रांना येतात, त्यामुळे तेथे जाणे लाजिरवाणे वाटत नाही.

ही पायरी शेवटी ठेवण्याचे कारण तिचा खर्च आहे. एका विषयासाठी एका ट्यूटरचे आठवड्यातील तास, तयारी, गटसत्रे आणि कोणीतरी अनुभवी व्यक्तीने करायची देखरेख एवढे सगळे लागते, शिवाय संबंधित प्राध्यापकांची मनापासूनची संमती लागते. ती नसेल तर ही पद्धत सुरू करू नये. वर्गात पाहणारा म्हणून पाठवलेला विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्यात ताण निर्माण होतो आणि त्यात त्या विद्यार्थ्याचे नुकसान होते.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

काही लक्षणे या यादीत बसत नाहीत आणि ती दिसताच समन्वयकाने स्वतः दुरुस्ती करण्याचा प्रयत्न थांबवावा. एखादा विद्यार्थी सत्रात रडू लागला, जगण्याविषयी निराशेचे बोलला, किंवा काही आठवड्यांत ओळखू येणार नाही इतका बदलला, तर ते अभ्यासाचे काम राहत नाही. ट्यूटरने त्याला एकटे न सोडता त्याच वेळी समन्वयकाला कळवावे आणि समन्वयकाने प्रशिक्षित समुपदेशकाला गाठावे, आणि जिवाला धोका आहे असे वाटल्यास तातडीच्या वैद्यकीय मदतीला वेळ लावू नये. हे कोणाशी आणि कसे बोलायचे याची चिठ्ठी प्रत्येक ट्यूटरजवळ पहिल्या दिवसापासून असावी, कारण प्रसंग आल्यावर ती शोधायला वेळ नसतो.

चांगल्या ट्यूटरबरोबर अनेक सत्रे होऊनही वाचन, लेखन किंवा आकडेमोड यांत एकाच प्रकारची चूक न बदलता येत राहिली, तर अध्ययन अक्षमतेची शक्यता ध्यानात घेऊन विद्यार्थ्याला त्या विषयातील तज्ज्ञाकडे जाण्याचा पर्याय खासगीत सुचवावा. निदान करणे हे ट्यूटरचे काम नाही, समन्वयकाचेही नाही. ट्यूटरने तर तो शब्दही उच्चारू नये. छळाची किंवा गैरवर्तनाची तक्रार आली तर ती संस्थेच्या त्यासाठी नेमलेल्या समितीकडे त्याच दिवशी द्यावी, आपसांत समेट घडवू नये. नक्कल केल्याचा संशय आल्यास नोंद ठेवून संबंधित विभागाला कळवावे आणि निवाडा तेथेच सोडावा. एखाद्या विषयात अर्ध्याहून अधिक वर्ग नापास होत असेल, तर अध्यापन, पाठ्यक्रम किंवा परीक्षा यांकडे विभागप्रमुखांनी पाहायला हवे. तेवढा मोठा खड्डा ट्यूटरांनी भरून काढावा अशी अपेक्षा कोणी ठेवली तर ती नम्रपणे पण लेखी नाकारावी.

केंद्रामुळे गुण वाढले हे सिद्ध करून दाखवा, अशी मागणी आली की तेथेही थांबून संख्याशास्त्र जाणणाऱ्याला बरोबर घ्यावे. येणारे स्वतःच्या इच्छेने येतात, म्हणून आलेल्यांचे आणि न आलेल्यांचे सरासरी गुण शेजारी ठेवले की तुलना फसवी ठरते. आलेले कदाचित आधीपासूनच अधिक चिकाटीचे असतील. निदान त्यांचे पूर्वीचे गुण विचारात घेतल्याशिवाय असा तक्ता अहवालात घालू नये, तो आपल्या बाजूने असला तरीही.

दुरुस्ती लागू पडली का

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याला तीन आठवडे द्यावेत. वेळ, फलक आणि ट्यूटरांची पद्धत एकाच सोमवारी बदलली, तर उपस्थिती वाढूनही कशामुळे वाढली हे कळत नाही आणि पुढच्या सत्रात निधी कमी झाला तर काय टिकवायचे हे ठरवता येत नाही. याला एकच अपवाद आहे : दाराशी किंवा अर्जात आढळलेला दोष त्याच दिवशी दूर करावा. तीन आठवड्यांनी पुन्हा पहिल्या भेटींची यादी काढावी, त्यांतील किती जण परत आले ते मोजावे, आणि आकडा हलला नसेल तर यादीतील पुढची तपासणी हाती घ्यावी. परीक्षेला लागून असलेले दोन आठवडे या मोजणीतून वगळावेत, कारण त्या दिवसांत बिघडलेले केंद्रही भरलेले दिसते.